लाव्हावरून उडालेला ड्रोन

उडताना माझा सांगाडा खडखडतो, एका बाजूचे प्लास्टिक वितळून सुरकुतले आहे. पण मित्रांनो, मी अजून उडतो! मी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातल्या एका विद्यापीठाचा जुना ड्रोन आहे.

२०१४ साली दोघांनी मला घडवले. इरावती पुण्याहून भूगर्भशास्त्र शिकायला आली होती आणि संकेत नागपूरचा संगणक अभियंता. त्यांनी माझ्या पोटाशी दोन कॅमेरे बसवले. एक तुमच्या डोळ्यांसारखा, तर दुसरा धुराआडची उष्णता ओळखणारा. सरावात मी अनेकदा काटेरी झुडपांत पडलो. माझ्या अंगातले काटे काढत इरावती म्हणायची, "चल, पुन्हा!"

त्याच वर्षी आइसलँडमध्ये जमीन फाटून लाव्हा वाहू लागला. आम्ही तिकडे गेलो. मी रोज लाव्हावरून फेऱ्या मारून शेकडो छायाचित्रे काढायचो. संकेत ती जोडून नकाशा बनवायचा. कालच्या नकाशाशेजारी आजचा ठेवला, की लाव्हा कुठे आणि किती सरकला ते लगेच कळायचे.

एके दिवशी आमचा आयर्लंडमधल्याच लेटरकेनी गावचा सहकारी डेक्लन वायूचे नमुने घ्यायला जीपने पुढे गेला होता. अचानक वारा फिरला आणि धुराने सारे झाकून टाकले. धुराखाली मला लाव्हाचा एक नवा फाटा दिसला. तो डेक्लनच्या परतीच्या वाटेकडेच सरकत होता!

"इरा, बॅटरी संपत आलीये. ड्रोनला परत बोलाव!" संकेत ओरडला.

"थांब रे! आधी डेक्लनला यायला जागा कुठेय ते बघू दे."

"अगं, ड्रोन जाईल हातचा!"

"गेला तर दुसरा बनवू. डेक्लन कुठून आणणार?"

मला तिचे म्हणणे पटले. मी आणखी खाली उतरलो. तापलेल्या हवेने मला गदागदा हलवले, एका बाजूचे प्लास्टिक मऊ पडू लागले. तेवढ्यात मला काळ्या वाळूचा एक थंड पट्टा दिसला. इरावतीने वॉकीटॉकीवर डेक्लनला बजावले, "जीप तिथेच सोड. मास्क काढू नकोस. ड्रोनच्या मागे मागे चालत ये!"

मी पुढे आणि तो मागे, असे आम्ही निघालो. धूर विरळ झाला, समोर आमचे तंबू दिसले आणि माझी बॅटरी संपली. मी वाळूत आपटलो. डेक्लनने मला उचलून काखेत घेतले आणि धावत तंबू गाठला. जीप जळाली, पण तो वाचला.

"युअर मॅन इज ग्रँड!" मला थोपटत तो धापा टाकत म्हणाला. आयर्लंडच्या बोलीत याचा अर्थ, हा गडी झकास आहे!

डब्लिनला परतल्यावर माझे खूप कौतुक झाले. शाळेतली मुले मला पाहायला यायची. मग हलके, नवे ड्रोन आले आणि माझी रवानगी 'प्रेस'मध्ये झाली. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तिथल्या ओलीने माझी बॅटरी फुगली, कॅमेऱ्याच्या काचेवर बुरशी चढली. कुणी दार उघडले, की मला वाटायचे, माझ्यासाठीच आले. पण ते दुसरेच काही घेऊन जायचे.

२०१८चा उन्हाळा कोरडा गेला. एका डोंगरावरची आग विझवली, तरी कुजलेल्या झाडपाल्याची तिथली माती आतून जळत राही आणि जमिनीतून पुन्हा पुन्हा धूर येई. नवे ड्रोन दुसरीकडे गेले होते. इरावती आता विद्यापीठात शिकवत होती. तिने मला बाहेर काढले आणि संकेतला फोन केला. तो डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनहून नवी बॅटरी घेऊन आला. "अरेरे, काय दशा झालीये याची!" असे म्हणत त्याने बुरशी पुसली, पंखे बदलले.

डोंगरावरून एकच फेरी मारली आणि मातीत दडलेले निखारे मला दिसले. इरावतीने जागा दाखवल्या, अग्निशामक दलाने तिथे खणून पाणी ओतले.

मित्रांनो, काम झालेली वस्तू कपाटात ढकलू नका. तिची बॅटरी काढून ठेवा, काच पुसा, अधूनमधून तिला चालवून पाहा. आम्हांला कौतुकापेक्षा काम आवडते.

संध्याकाळी दलाच्या प्रमुख बाईंनी विचारले, "डोंगराची पलीकडची बाजू राहिलीये. उद्या याल?"

"येऊ की," इरावती म्हणाली आणि तिने मला चार्जिंगला लावले.