बदकाचा आवाज

बस थांब्याला टेकायच्या आत आत्याने तापाची गोळी तोंडात टाकली आणि पाण्याशिवायच गिळली. गोळी घशात जरा अडली, मग मुकाट खाली गेली.

तेवढ्याशा गोळीच्या बदल्यात तिला काय काय मिळणार होतं, ते बघण्यासारखं आहे. एक तर नातलगांची तोंडं बंद होणार होती. भावाच्या चिमीला रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून लांबलांबची माणसं येऊन गेली होती. आत्याची धाकटी जाऊ, जिचा या घराशी संबंध एका लग्नाच्या जेवणापुरता, तीही हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन आली आणि परतताना चार घरी सांगत गेली, "सख्खी आत्या मात्र अजून फिरकली नाही हं." दुसरं म्हणजे, भाऊ पुन्हा बोलायला लागला असता.

तो बोलत नव्हता, त्याला कारण आत्याची जीभ. मागे चिमीच्या वाढदिवसाला भावजयीचा केक मधोमध बसला, तेव्हा पाहुण्यांसमोर आत्या म्हणाली होती, "हिच्या हाताला यशच नाही, बाई." गंमत म्हणून. पाहुणे हसले, भावजयसुद्धा हसली. भाऊ तेवढा हसला नाही.

आणि परवा त्याच भावाने आपणहून फोन केला. "ताई, चिमी विचारते तुला." आता नेमकी सर्दी झाली म्हणून सांगायचं, तर तिच्या सर्दीवर विश्वास ठेवणार कोण?

तिसरंही एक कारण होतं, पण ते हिशेबात धरायची तिला लाज वाटत होती. पोरीची आठवण येत होती. पिशवीत पिवळी टोपी होती, तिने स्वतः विणलेली.

पोरांच्या वॉर्डाच्या दाराशी सिस्टरने तिला अडवलं.

"सर्दी, खोकला, ताप?"

"छे."

"घरात कुणाला?"

"सगळे ठणठणीत."

सिस्टरने ताप बघायचं यंत्र तिच्या कपाळासमोर धरलं. गोळीने आपलं काम चोख केलं होतं.

"हात धुवा, कोपरापर्यंत. आणि मास्क नाकाखाली येता कामा नये. औषधांनी पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्यात तिच्या. आपल्याला शिंक येते, तिथे या पोरांना न्यूमोनिया होतो."

"एवढं कळतं हो मला," आत्या म्हणाली.

खोलीत भावजय चमचे उकळायला निघाली होती. सारखे धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती. "या ताई," ती म्हणाली आणि उगाचच पदराला हात पुसले. भाऊ "आलीस" एवढंच म्हणाला, पण स्टूल पायाने पुढे सरकवलं. आत्याला वाटलं, या स्टुलापायी दोन गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या तरी चाललं असतं.

तो औषधं आणायला खाली गेला, भावजय चमचे घेऊन बाहेर गेली. पलंगावर चिमी उशीला टेकून बसली होती. डोक्यावर केस नाहीत, भुवया पुसट. डोळे तेवढे पूर्वीइतकेच आगाऊ.

"आत्या, तुझा आवाज बदकासारखा का येतोय?"

"मास्क आहे ना तोंडावर."

"आईच्या पण आहे. ती नाही बदक."

आत्या हसली. हसण्यामागोमाग खोकला वर आला, तो तिने गिळला.

"मास्क काढ ना. तुझं नाक कसं होतं तेच विसरले मी."

"नाही काढायचा, राणी."

"एकदाच. इथे सगळ्यांना नुसते डोळे असतात."

आत्याने दाराकडे बघितलं. "आईला सांगायचं नाही हं. आपलं गुपित." तिने मास्क हनुवटीवर ओढला. चिमी पुढे वाकली, त्या लालबुंद नाकावर बोट टेकवून खुदकन हसली. तेवढ्यात आत्याला शिंक आली. शहाणपण करून तिने तोंड फिरवलं आणि पिशवीत घातलं.

मग मास्क वर चढवून त्याच पिशवीतून टोपी काढली आणि पोरीच्या डोक्यावर चढवली.

तिसऱ्या दिवशी चिमीला ताप भरला आणि तिला अतिदक्षता विभागातल्या काचेच्या खोलीत हलवलं.

डॉक्टर बाहेर आल्या, तेव्हा कॉरिडॉरच्या बाकावर तिघंही बसली होती. आत्या रोज येऊ लागली होती आणि भाऊ तिच्यासाठी चहा आणू लागला होता.

"बाहेरचं काही खायला दिलं होतं? कुणी आजारी माणूस जवळ आलं होतं?"

"दारात मी प्रत्येकाला विचारते," सिस्टर घाईने म्हणाली.

आत्याने मास्क वर ओढून घेतला. मग भावजय खाली मान घालून म्हणाली,

"मी... दोन द्राक्षं दिली परवा. फार मागत होती. धुऊन दिली, सोलून दिली."

"फळं द्यायची नाहीत असं सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "अर्थात, त्यानेच झालं असं मी म्हणत नाही."

हे दुसरं वाक्य कुणाच्या कानात शिरलं नाही. भाऊ उठून खिडकीशी गेला आणि बायकोकडे पाठ करून उभा राहिला.

आत्याकडे या वेळी सांगण्यासारखं एक वाक्य होतं. नव्हतं असं नाही. ते ओठांपर्यंत आलं, तिने तोंडही उघडलं.

"ताई," भाऊ न वळताच म्हणाला, "बरं झालं, तू तरी आहेस."

वाक्य परत खाली गेलं. गोळीसारखंच, पाण्याशिवाय.

चिमी काचेच्या खोलीतून जिवंत बाहेर आली. मधल्या काळात तिचा पुढचा डोस लांबला, अंगावरचं होतं नव्हतं ते मांस उतरलं आणि ऐकू कमी येऊ लागलं. जीव वाचवणारी काही औषधं कानांवर जातात, डॉक्टर म्हणाल्या, इलाज नव्हता. नातलगांत मात्र एकच बोललं जात होतं: आत्या असावी तर अशी. जाऊबाईंना हे चार घरी ऐकून घ्यावं लागलं.

पहिल्यांदा पेज द्यायची परवानगी मिळाली, त्या दुपारी भावजयीने वाटी भरली आणि आत्यापुढे धरली.

"तुम्ही भरवा, ताई."

"अगं, आई ना तू? तूच भरव."

"नको. तुम्ही म्हणाला होतात तेच खरं. माझ्या हाताला यश नाही."

ती हे रागाने म्हणाली असती, तर आत्याला सोसलं असतं. ती सरळ मनाने म्हणाली आणि कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुवायला लागली. हात धुतलेलेच होते.

आत्याने चमचा पुढे केला. चिमीने तोंड उघडलं, पेज गिळली. मग आत्याच्या कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजली. निदान तिला तरी ती कुजबुज वाटली असावी. आपलाच आवाज नीट ऐकू येत नसलेल्या माणसाला तो किती मोठा झालाय ते कळत नाही.

"आत्या, तू मास्क काढलेलास ना, शिंकलेलीस ना, मी कुण्णाकुण्णाला नाही सांगितलं! आता गेलं का तुझं बदक?"

नळ बंद झाला.

भावजय पाठमोरी उभी होती. बोटांवरून थेंब पडत होते. आत्या वाटी धरून तशीच बसली. चिमी तोंड उघडून पुढच्या चमच्याची वाट बघत होती.

"भरवा ना, ताई," भावजय न वळता म्हणाली. "गार होतंय."

मग तिने नळ पुन्हा सोडला आणि पुन्हा हात चोळू लागली.

आत्याने चमचा उचलला. तिला मिळायचं ते सगळं मिळालं होतं: भाऊ, नाव, पलंगाशेजारचं स्टूल. गेले ते चिमीचे कान आणि तिच्या आईचे हात.