कुणासमोर विचारलं?

‘लेख शेवटपर्यंत वाच, मगच सारांश लिही,’ असं कॉलेजच्या सोनिया मॅडमनी तनुजाला बजावलं होतं. पण तिच्या मांडीवर तान्हं बाळ, डोळ्यांत झोप. तिनं सुरुवातीचे तक्ते चाळले आणि मला लिहून काढलं. मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, एका संशोधन लेखाच्या सारांशाचा पहिला मसुदा. मला माझी अजून लाज वाटते.

लेख खेड्यातल्या बाळंतिणींच्या मनाविषयी होता. माझ्यावर ऐटीत लिहिलं होतं, ‘बहुतेक बाळंतिणी समाधानी आढळल्या.’ तनुजाच्या पुंडलिकनगरच्या घरात माझं कौतुकही झालं. तनुजाचा नवरा बुद्धभूषण म्हणाला, अक्षर बघूनच मॅडम पास करतील. मी फुशारलो.

मॅडमनी नेमक्या त्याच वाक्याभोवती लाल गोल काढला. तक्त्यांतली उत्तरं घरच्यांसमोर दिलेली होती; त्याच बायका एकट्या असताना काय बोलल्या, ते लेखात पुढं होतं. कुणी न्हाणीत रडायची, कुणाला बाळाकडं बघवत नव्हतं. माझ्यावर यातलं अक्षरही नव्हतं.

तनुजानं तरी माझी बाजू घेतली. “मॅडम, माझी वहिनीच बाळंतीण आहे, माझ्या माहेरी, कन्नडला. मी रोज फोन करते. लई बरं हाय म्हणते.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कुणासमोर म्हणते?”

तनुजाच्या आत्ता ध्यानात आलं. फोन तिच्या आईचा, म्हणजे वहिनीच्या सासूचा, भामाबाईंचा. आणि तो कायम स्पीकरवर.

दुसऱ्या दिवशी मला पर्समध्ये कोंबून, बाळाला कडेवर घेऊन ती एसटीनं कन्नडला गेली. आईला तिनं बाजारात धाडलं. “लेक आली अन् मलाच घराबाहेर काढती,” असा टोमणा मारून भामाबाई गेल्या. मग दार लोटून तिनं रूपावहिनीला पुन्हा तेच विचारलं. वहिनी बाजेची दोरी चाचपू लागली.

“ताई, झोपच नाय. बाळ रडलं की वाटतं, कुठंतरी निघून जावं. आत्याबाईला नका सांगू.”

तनुजाला मान वर करवेना. रोज आपणच विचारत होतो आणि हवं ते उत्तर घेऊन फोन ठेवत होतो. तिनं आईला सांगितलंच, आणि वहिनीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. औषध अजून चालू आहे.

सारांश नव्यानं लिहिला गेला. मी आता कपाटात कपड्यांखाली अंथरलेला असतो. माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी बाळंतीण असेल, तर आज आईला घेऊन तिच्याकडं जा. बाळाला तुम्ही बाहेर खेळवा, बाकीच्यांनाही बाहेर बसवा. आईला तिच्याजवळ एकटीला बसू द्या. आणि आईला आधीच सांगा, ती ‘बरं हाय’ म्हणाली, तरी लगेच उठू नकोस.