गोगलगायींचा डबा

घर दोघी बहिणींचं होतं, वडिलांनी दोघींच्या नावावर ठेवलेलं. मागची बाग मात्र थोरलीची, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. निदान बदकं येईपर्यंत तरी नव्हती.

शाळेतली शिवणकाम शिकवायची नोकरी संपल्यावर थोरलीने चौदा वर्षं त्या मातीत काढली होती. औषधाचा एक थेंब नाही की विकतच्या खताची एक पिशवी नाही. पालापाचोळा कुजवायचा, भाजीची देठं कुजवायची आणि रोज सकाळी उजाडता उजाडता कोबीच्या पानांमागच्या गोगलगायी हाताने वेचायच्या. कंबरेचे टाके ढिले झाले, पण बाईने पानांची चाळण होऊ दिली नाही. कोपऱ्यावरच्या खानावळीचा आचारी आठवड्यातून दोनदा यायचा, पालकाची जुडी नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "बाई, तुमच्या हाताला तोड नाही." एवढ्या एका वाक्यावर थोरलीचे पुढचे तीन दिवस मजेत जायचे.

मग नवरा वारल्यावर धाकटी परत आली. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात भोकं पाडलेलं खोकं. खोक्यात चार पिवळी पिल्लं चिवचिवत होती.

"हे काय आणलंस?"

"बदकं, ताई. निघताना शेजारणीने दिली. गोगलगायी खातात म्हणे."

"गोगलगायींना मी आहे," थोरली म्हणाली.

पण बदकांना ते कोण सांगणार? तीन महिन्यांत ती चांगली गरगरीत झाली. धाकटीने कोवळ्या रोपांभोवती जाळी लावली, जुनी टाकी कापून त्यांना डुंबायला हौद केला, आणि रोज सात वाजता खुराड्याचं दार उघडून त्यांना मोठ्या झालेल्या भाजीत सोडायला लागली. पुढे धाकटी, मागे चौघी ओळीने. सगळ्यात पुढच्या बदकाची मान कायम ताठ असायची, म्हणून तिचं नाव पडलं मास्तरीण. धाकटी बसली की मास्तरीण तिच्या पायावर बसायची. धाकटी आंघोळीला गेली की चौघी न्हाणीच्या दाराशी गाऱ्हाणं घातल्यासारख्या ओरडत उभ्या राहायच्या.

लहानपणीही असंच होतं. मांजराला दूध घालायची थोरली आणि मांजर झोपायचं धाकटीच्या अंथरुणात. सत्तरी उलटली तरी थोरली ते मांजर विसरली नव्हती.

एका सकाळी ती वेचायला गेली, तर तासभर हिंडून एकच गोगलगाय सापडली, तीही झारीच्या बुडाखाली. खरं म्हणजे तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती झारी हातात धरून तशीच उभी राहिली. आता या बागेत आपलं काम काय?

त्याच दिवशी आचाऱ्याने कोबी उलटापालटा करून पाहिला. "एक भोक नाही हो! धाकट्या बाईंनी बागेचं सोनं केलं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं काय इथे पितळ होतं? तिने पालकाच्या जुडीला अशी गाठ आवळली की दोराच तुटला.

माणसाच्या पोटात दुखायला लागलं की डोकं फार चालतं. पलीकडच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं कुंपण वेलींनी माजलं होतं आणि त्यात गोगलगायींचा सुकाळ होता. थोरलीने त्यांना विचारलं, "चार गोगलगायी नेऊ का?" पोस्टमास्तर म्हणाले, "चार कशाला, सगळं खानदान न्या." दुसऱ्या दिवसापासून ती धाकटी उठायच्या आत बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन कुंपणाशी जायला लागली. भरलेला डबा आणून कोबीच्या वाफ्यात उपडा करायचा. गोगलगायी बुडाला घट्ट चिकटून बसायच्या, म्हणून वरून झाकणाने ठोकायचं. ठक ठक ठक. तो आवाज आला की बंद खुराड्यात बदकांची चुळबुळ सुरू व्हायची. आठवडाभरात पानांची चाळण होईल, आचारी नाक मुरडेल, बदकं कुचकामी ठरतील आणि सगळे पुन्हा आपल्याकडे येतील, असा तिचा हिशेब होता. ज्या पानांना चौदा वर्षं जपलं, तीच पानं ती आता खायला घालत होती, पण मत्सराला ते दिसत नाही.

सात वाजता बदकं सुटायची आणि साडेसातला वाफा लख्ख व्हायचा. थोरलीने गोगलगायी दुप्पट केल्या, मग तिप्पट. बदकांच्या अंगावर तकाकी आली. ती अंडी घालायला लागली, तीही अशी की आचाऱ्याने एक फोडून पाहिलं आणि पिवळ्या बलकाकडे बघतच राहिला.

"धाकट्या बाई, यांना खायला घालता तरी काय?"

"काही नाही हो. बागेत मिळेल ते."

थोरली शेजारीच मुळे धुत होती. ते तिने इतके घासले की सालं निघाली.

असे आठ महिने झाले. एक दिवस आचारी सकाळी लवकरच आला. धाकटीने त्याला दाखवायला म्हणून बदकं आधीच सोडली, भिजवलेल्या दाण्यांचं भांडं पुढे धरलं आणि हाक मारली, "या या या!" चौघी पंख पसरून निघाल्या. तेवढ्यात थोरली कुंपणाकडून आली. एवढ्या सकाळी अंगणात माणसं बघून ती दचकली, हातातलं झाकण डब्यावर आपटलं. ठक.

चार माना एकदम वळल्या. दाण्यांचं भांडं तिथेच राहिलं. बदकं धाकटीच्या पायांवरून तुडवत निघाली आणि थोरलीला घेराव घालून उभी राहिली. मास्तरीण तर तिच्या चपलेचा पट्टाच ओढायला लागली.

"अरे वा!" आचारी म्हणाला. "म्हणजे ही तुमची बदकं होय, बाई!"

थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर कुणी तिच्याकडे असं धावत आलं नव्हतं, मांजरसुद्धा नाही. ही मजा पुरती चाखावी म्हणून तिने मुद्दाम धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने भांडं अजून तसंच पुढे धरलं होतं. तोंड हाक मारायला उघडलेलं तसंच राहिलं होतं. तो चेहरा थोरलीने लगेच ओळखला. आठ महिने ती तोच चेहरा आरशात बघत होती.

आचारी भाजी घेऊन गेल्यावर धाकटी म्हणाली, "घराला सवय तुझी. बाग तुझी. आचारीही मुळात तुझाच. माझं म्हणून हे चार जीव होते, ताई." मग तिने विचारलं, "त्या डब्यात काय असतं?"

दाणे, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. ते सहज खपलंही असतं.

"गोगलगायी," ती म्हणाली. "पोस्टमास्तरांच्या कुंपणातल्या. वाफ्यात सोडायला."

"कुणाच्या वाफ्यात?"

"आपल्याच."

"आपल्याच? कशाला गं?"

"तुझी बदकं कुचकामी ठरावीत म्हणून."

धाकटीने भांड्यातले दाणे हळूहळू मातीत ओतले. "गोगलगाय अन् पोटात पाय," एवढंच ती म्हणाली आणि घरात गेली. तिला हसू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने डबा भरून आणला आणि धाकटीच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने धाकटी डबा घेऊन बाहेर आली. डब्यावर हाताने थापट्या मारत चालायला लागली. मागे ओळीने चौघी, सगळ्यात पुढे मास्तरीण.

थोरलीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय! जिथे आठ महिने जळत होतं, तिथेच परत चरचरलं.

डब्याचं झाकण ओट्यावर होतं. द्यायचं राहिलं, असं म्हणता आलं असतं, पण ते राहिलं नव्हतं, तिने ठेवलं होतं. खिडकीच्या चौकटीवर एकदा ठोकलं की पुरे, चारही माना वळल्या असत्या. तिने झाकण उचललं. बाहेर धाकटी खाली वाकून मास्तरणीला काहीतरी सांगत होती आणि कालपासून पहिल्यांदाच हसत होती.

थोरलीने झाकण परत ओट्यावर ठेवलं. त्यावर कोबीचा सगळ्यात जड गड्डा ठेवला आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून ती तशीच बघत राहिली.