देवीचा घडा आणि काशीरामचा तांब्या

भीमराज महाराजांच्या बैठकीला त्या गुरुवारी एवढी गर्दी, की चपला ठेवायलाही जागा मिळेना. घाटकोपरच्या टेकडीवरची आमची अख्खी चाळ पटांगणात लोटली होती. मी मात्र दर्शनाला नव्हे, भांडाफोड करायला गेलो होतो. मी शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतो. ती फुकट असूनही कुणी येत नाही. तेव्हा ही गर्दी बघून मला पोटशूळ उठला होता, हेही सांगून टाकतो.

पण प्रकरण गंभीर होतं. शेजारच्या काशीरामला क्षय झाला होता. गिरणी बंद पडल्यावर तो साकीनाक्याच्या कारखान्यात लागला आणि तिथेच खोकून खोकून आडवा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टर पद्मजाबाईंच्या गोळ्यांनी जरा उतार पडतोय, तोच महाराजांनी फर्मावलं, "गोळ्या बंद! ताप आई घेईल." आणि त्याची बायको सुगंधा गोळ्या फेकायला निघाली होती.

महाराजांपुढे काशीरामला आणून बसवलं होतं आणि मध्ये एकाच घाटाची दोन भांडी होती. देवीचा घडा दोन वीत उंच, रोग्याचा तांब्या एक वीत. दोन्हींत एकाच हंड्यातलं कढत पाणी.

"तांब्यात काशीरामचा ताप, घड्यात आईची माया!" महाराज गरजले. "आई ताप ओढते की नाही, हात लावून बघा! बघायचे पैसे नाहीत!"

मग तासभर भजन झालं आणि ते संपल्यावर सुगंधाने हात लावला. तांब्या कोमट, घडा चटका देणारा.

"गेलो ताप! आयेन घेतल्यान!" ती रडायलाच लागली.

मीही घड्याला हात लावला. चांगला भाजला. आणि तोच हात दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. अंधश्रद्धेवरचा वक्ता हात जोडून उभा!

तेवढ्यात पद्मजाबाई आल्या. काशीराम गोळ्या न्यायला आला नाही, म्हणून त्या स्वतःच टेकडी चढून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"सर, तुम्हीपण?"

"पाणी एकाच हंड्यातलं आहे हो. मी तपासलंय," मी पुटपुटलो.

"मग आता घडा काशीरामला द्या आणि तांब्या देवीला. होऊ दे परत."

देवीला धाकटं भांडं? आमच्याकडे पहिलं पान देवाचं, मोठा मोदक देवाचा. असली अदलाबदल कुणाच्या मनालाही शिवली नव्हती, माझ्या तर्कशुद्ध डोक्यालाही नाही. महाराजांचा सगळा धंदा याच अदबीवर चालला होता.

"आई कोपेल!" महाराज म्हणाले.

"पाप लागात, डॉक्टरीणबाय," सुगंधा कुजबुजली.

"पाप माझ्या डोक्यावर. गोळ्या अर्धवट सोडल्यास तर नवरा जाईल तुझा."

सुगंधाने काशीरामकडे पाहिलं. मग तिने स्वतःच भांड्यांची अदलाबदल केली. पुन्हा कढत पाणी भरलं, पुन्हा भजन झालं. या वेळी कुणी नीट गायलं नाही.

देवीचा तांब्या कोमट झाला. काशीरामचा घडा चटके देत होता.

"बघा, आईचा कोप! काशीरामचा ताप उतरत नाही!" महाराज ओरडले.

"ताप आसा मां? मगे गोळये द्या, डॉक्टरीणबाय," सुगंधा म्हणाली.

लोक हसले आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. घडा तांब्याच्या दुप्पट उंच, तसाच सगळीकडून दुप्पट रुंद. म्हणजे पाणी दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट. पण हवेला लागून निवणारं बाहेरचं अंग फक्त चौपट. आठपट पाण्याला चौपट अंग, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या वाट्याला निम्मं! मोठं भांडं सावकाश निवणारच, मग नाव देवीचं घ्या नाहीतर माझं. हे मी त्याच आठवड्यात नववीला शिकवलं होतं आणि "याचा उपयोग काय, सर?" असं विचारणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर काढलं होतं.

काशीरामने तिथेच गोळी घेतली. पुढे औषध पुरं झालं, आता तो न थांबता टेकडी चढतो. महाराजांची बैठक कांजूरमार्गला हलली म्हणतात.

चमत्कार तिथे नमस्कार, असं आपण म्हणतो. नमस्कार जरूर करा, पण आधी भांडी बदलून बघा. आणि शेजारी गणिताचा मास्तर हात जोडून उभा असला, तर त्याच्या भरवशावर औषध मुळीच सोडू नका.