इकाम्यावरचं जुनं रक्त

मी जबेना. काळ्या मातीची, लांब मानेची, कॉफी उकळायची सुरई. माझ्या पोटात कॉफी असते आणि मनात संशय. कोणी गोड बोलायला लागलं की मी आधी त्याचे हात बघते.

इथिओपियातल्या एका कुंभारणीनं मला घडवलं. बाजारात जोहरानं मला बोटानं टकटक वाजवून बघितलं, मगच घेतलं. तीही माझ्यासारखीच, लवकर विश्वास न ठेवणारी. कामासाठी सौदीतल्या जिझानला येताना तिनं मला कपड्यांत गुंडाळून पोटाशी धरलं. इथं ती एका मोठ्या घरात धुणी-इस्त्री करते. नवरा सईद तिकडे तबूकला बांधकामावर. दोन वर्षांत त्यानं तोंड दाखवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी जोहराच्या खोलीत गावाकडच्या चार बायका जमतात. मी उकळते, त्या बोलतात. एकदा तिथं क्षमा सिस्टर आली. मूळची चिपळूणची, इथं दवाखान्यात नर्स. एचआयव्हीबद्दल सांगायला आलेय म्हणाली आणि बसल्याबसल्या वही काढली. "आधी नाव आणि इकामा नंबर सांगा."

खलास! सगळ्यांची तोंडं शिवली. इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. तो नंबर कुठं जाऊन पोचेल, कोणाला ठाऊक? मलाही वाटलं, ही बाई कोणीतरी पेरलेली आहे.

"वही बाहेर, चपलांजवळ ठेवा," जोहरा म्हणाली. "मग बोला."

सिस्टर ओशाळली. "सवय हो. आम्ही रडणाऱ्यालाही आधी नाव विचारतो." वही ठेवून आली आणि बोलली. हा आजार एका ताटात जेवून होत नाही. संबंधातून होतो. निरोध वापरला तर टळतो.

"आम्ही सगळ्या पास आहोत," एक बाई म्हणाली. "इकाम्याच्या वेळी रक्त घेतलंय."

"ते त्या दिवसाचं रक्त. पुढचं कोण सांगणार?"

"आणि रक्तात काही निघालं तर देशाबाहेर हाकलतात."

"हाकलतात. खोटं नाही बोलणार. पण औषध तुमच्या देशातही मिळतं. रोज गोळी घेतली तर बाई म्हातारी होते, सुनेला छळते."

बायका खिदळल्या. मग जोहरानं खोचकपणे विचारलं, "सिस्टर, तुमचा नवरा कुठं?"

"रियाधला. बँकेत. महिन्यातून एकदा येतो."

"मग त्याला विचारता, रक्त तपासलंस का म्हणून?"

सिस्टरनं कप खाली ठेवला. "नाही. धीर नाही झाला."

तेव्हा कुठं माझा तिच्यावरचा संशय थोडा निवला. पेरलेली बाई असं कबूल करत नाही.

गेल्या आठवड्यात सईद आला. हातात खजूर, अंगाला अत्तर. मला ते अत्तर काही आवडलं नाही. जोहरानं कॉफी ओतली आणि सरळ सांगितलं, "आधी दोघं रक्त तपासू. तोवर हे." सिस्टरनं दिलेलं निरोधाचं पाकीट तिनं पुढं सरकवलं.

त्यानं खिशातून इकामा काढून आपटला. "हे बघ! सरकारनं तपासलंय मला."

"चार वर्षांपूर्वी. कालचं दूध तू हुंगल्याशिवाय पीत नाहीस."

"माझ्यावर संशय घेतेस?"

"घेते. तूही माझ्यावर घे. मी परक्या घरात राबते. तिथल्या इस्त्रीच्या खोलीला आतून कडी नाही."

सईदचा हात फिरला. मी खाली पडले, माझी मूठ तुटली. मूठ गेली, पण मान वाचली. जोहरानं मला उचललं आणि आपली चटई दुसऱ्या भिंतीशी टाकली. पाकीट मध्येच पडलेलं. तीन दिवस ना त्यानं ते उचललं, ना तिनं.

आज सकाळी त्यानं तोंड उघडलं. आवाज अगदी बारीक. "जोहरा, त्या इस्त्रीच्या खोलीत... कोणी...?"

तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. "आधी रक्त देऊन येऊ. मग सगळं सांगते. तूही तुझं सांग."

तो बराच वेळ चपला घालत बसला. मग दोघं गेले.

मी थंड चुलीवर बसलेय, तुटक्या मुठीला तार गुंडाळून. काय निघेल, मला माहीत नाही. परतीच्या विमानात बसावं लागेल का, तेही नाही. पण बायांनो, जो कोणी तुमच्यापुढं कार्ड आपटेल, त्याला आधी तारीख विचारा. रागावला तर रागावू दे. माझ्यासारखी मूठ तुटली तरी तारेनं बांधता येते.

दारात पावलं वाजतायत. दोघांची आहेत की एकीची, तेच ऐकतेय.