कानाला मानेल असा हेडफोन

टायपिस्टबाईंच्या हेडफोनच्या गाद्या इतक्या झिजल्या होत्या की त्यांचे काळे पापुद्रे निघत. काम आटोपून बाई आरशासमोर गेल्या की दोन्ही कानांवर काजळ फासल्यासारखे डाग. पाहणारं कुणी असतं तर हसलं असतं. कुणी नव्हतं, म्हणून बाई आपल्याआपणच हसायच्या आणि ओल्या फडक्यानं कान पुसायच्या.

इस्पितळातले डॉक्टर अहवाल बोलून ठेवत. बाई घरी बसून ते ऐकत आणि टाइप करत. बावीस वर्षं हाच धंदा. रोज सहा तास कानात कुणाचे मूतखडे, कुणाचा सरकलेला मणका, आणि चष्म्याच्या काड्यांवर हेडफोनचा दाब. तिसऱ्या तासाला कानशिलं ठणकू लागत. परवा तर डाव्या कानातला आवाजच गेला. अर्ध्या कानानं अर्धंसुद्धा पोट भरत नाही, म्हणून बाई तो हेडफोन घेऊनच दुकानात निघाल्या.

दुकानदार मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. गिऱ्हाइकं त्याला भोंगाशेठ म्हणत. त्याचं कुजबुजणंही रस्त्यापलीकडे ऐकू जाई.

"या ताई! कितीपर्यंतचा दाखवू?"

"दोन हजारांच्या आत. कानाला मऊ हवा आणि आवाज स्वच्छ हवा."

"दोन हजारांत एकच काहीतरी मिळेल. दोन्ही म्हणजे गाढवानं ओझंही वाहायचं आणि गाणंही म्हणायचं!"

"तुम्ही गाढवं बाहेर काढा. गाणारं मी निवडते."

पहिल्यानं डोकं असं आवळलं की बाई म्हणाल्या, "शेठ, डोकं आहे हे, लिंबू नव्हे." दुसरा मऊ होता, सशासारखा, पण आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. तिसऱ्याच्या गाद्या कापडी, रुंद. चष्म्याच्या काड्या त्यात अलगद रुतल्या. बाईंनी मान हलवली, खाली वाकून पाहिलं. हेडफोन जागचा हलला नाही. शेठनं ढोलाचं एक दणदणीत गाणं लावलं.

"ढोल नको मला. माणूस ऐकायचाय."

अहवाल परक्यासमोर लावायचे नसतात. बाईंनी फोनमधून लेकाचं रविवारचं बोलणं काढलं. लेक सुनेसह दूरच्या शहरात. दर रविवारी फोन करी. बाई ते बोलणं साठवून ठेवत आणि आठवडाभर जेवताना लावत. समोर कुणी बोलत असलं की घास उतरतो. त्यातला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. पाठ असलेल्या आवाजावरच हेडफोन पारखावा, असा त्यांचा हिशेब.

'आई, आम्ही दोघं मजेत आहोत. ती जरा बाजारात गेलीय...'

बाईंनी कपाळाला आठी घातली. "शेठ, हा घुमतो."

"घुमतो? अहो, आजच खोका फोडलाय!" शेठनं त्याच जातीचा दुसरा काढून दिला. तोही घुमला. मग त्यानं आपलं गाणं लावलं, बातम्या लावल्या. बाईंच्या कानाला सगळं लख्ख. लेकाचा आवाज तेवढा विहिरीतून आल्यासारखा.

"ऐकू का मी?" शेठनं विचारलं. बाईंनी हेडफोन पुढे केला. शेठनं डोळे मिटले. चाळीस वर्षं खरखरीतून आवाज वेगळा काढलेला माणूस तो. डोळे उघडले तेव्हा भोंगा उतरला होता.

"ताई, हेडफोन नाही घुमत. खोली घुमतेय. बोलणाऱ्याच्या घरात सामान नाही. पडदा नाही, गादी नाही, कपाट नाही. तुमचा जुना बहिरा होता, त्याला हे कळलं नसेल."

"असं कसं? भरला संसार आहे त्यांचा."

"मग घर बदलत असतील," शेठ चटकन म्हणाला.

बाईंनी मागचे रविवार लावले. चार महिन्यांपूर्वीचा. लेकामागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती, सून ओरडत होती, 'आईंना सांग, माझे हात ओलेत, नंतर बोलते!' तिच्या हसण्यानं खोली कशी गच्च भरलेली. मग मधले रविवार, नुसता लेक. मग हे अलीकडचे आठ. ती आंघोळीला गेलीय. ती झोपलीय. ती बाजारात गेलीय. आणि प्रत्येक 'गेलीय' भिंतीवर आपटून परत येत होतं.

लोकांच्या हाडांतल्या बारीक चिरा बाईंनी बावीस वर्षं ऐकल्या. घरची चीर जेवता जेवता ऐकून सोडून दिली.

शेठनं दुसरा, सशासारखा, हळूच पुढे सरकवला. "हा न्या हवं तर. मऊ आहे. यात एवढं ऐकू येत नाही."

बाईंनी त्याच्या गादीवरून बोट फिरवलं. ऐकू न येण्यात किती ऊब असते, हे त्यांना ठाऊक होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "तो घुमणाराच बांधा."

घरी येऊन त्यांनी चहासुद्धा टाकला नाही. हेडफोन चढवला, फोन लावला.

"आई? आज बुधवार ना? बरी आहेस ना?"

"बरी आहे. नवा हेडफोन घेतलाय. म्हटलं, बघावं कसा चालतो."

"अरे वा! दुखत नाही ना आता?"

"नाही. सूनबाई कुठाय?"

"ती... जरा खाली गेलीय."

'गेलीय' भिंतीला लागून परत आलं. बाईंनी ते दोनदा ऐकलं.

"आणि कपाट, राजा? तेही खाली गेलंय?"

 पलीकडून एक श्वास आला, लांब, ओलसर, जुन्या हेडफोनमध्ये कधीच न पोचलेला.

"दोन महिने झाले, आई. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

"जेवलास?"

"घेतलंय वाढून."

"मग जेव. फोन ठेवू नकोस. बोलायचं नसलं तर नको बोलूस."

"तू काय करशील नुसती?"

"बसेन."

त्यानं फोन खाली ठेवला, फरशीवरच असावा. ताट सरकलं. पाणी ओतलं गेलं. चमचा ताटाला लागत होता, बराच वेळ थांबत होता, पुन्हा लागत होता. बाईंनी आवाज थोडा वाढवला.