बाहीचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि आत्ता, हे सांगताना, मी घाबरलेली आहे. यंत्राला कसली आलीय भीती, असं म्हणाल. माझ्यासमोरची काच फुटलीय, तिथे पुठ्ठा लावलाय. त्या पुठ्ठ्यामागे बसून बघा, मग बोला.

माझा जन्म दूरच्या एका देशात झाला. तिथून निघताना माझ्या शिंपी मास्तरांनी मला स्वेटरात गुंडाळून मांडीवर धरून आणलं. म्हणजे मीही बाहेरचीच. माझा रंग काळा, वर सोनेरी वेलबुट्टी. लोक म्हणायचे, "काय देखणी मशीन!" तोच रंग मास्तरांच्या कातडीवर मात्र काहींना सोसत नाही.

खूप वर्षं आम्ही सुखाने काम केलं. पुढे दुकान, मागे एक खोली. तिथे मास्तर, त्यांची बायको आणि लहान मुलगी. अर्ध्या गल्लीच्या पॅन्ट मी आखूड केल्या. रफू करावा तर मास्तरांनीच, असं सगळे म्हणत. शेजारच्या काकूंच्या मुलाचा शाळेचा पहिला गणवेश माझ्यावरच शिवला. "काकू, आत दोन बोटं कापड जास्त ठेवलंय," मास्तर म्हणाले होते. "पोरगं वाढेल."

पोरगं वाढलं.

पुढे गल्लीच्या तोंडाशी टोळकं जमू लागलं. आधी थुंकणं, मग शिव्या, मग आमच्या भिंतीवर 'चालते व्हा'. मास्तर सकाळी उठून भिंत घासायचे. आणि एके दिवशी दिवेलागणीला, तोंडं झाकलेल्या काही जणांनी काच फोडली. एकाने आत हात घालून मला ओढून पाहिलं. माझं बूड लोखंडाचं, मी हलले नाही. त्याच्या जॅकेटची बाही मात्र काचेत अडकून फाटली. मागच्या खोलीत मुलगी किंचाळत होती. समोरचा पाववाला दारातच उभा होता. पण पोलीस आल्यावर कळलं, ऐन संध्याकाळी अख्ख्या गल्लीला एकदम झोप लागली होती!

पोलिसांचे साहेब आले ते काखेत पिशवी घेऊन.

"चेहरे बघितलेस?"

"नाही साहेब. पण हा बाहीचा तुकडा..."

"चिंधीवर केस होत नाही, मास्तर. पोरं आहेत, प्यायली असतील. तू दुकानाची पाटी काढून ठेव काही दिवस. दिसलंच नाही तर फोडतील कशाला?" मग पिशवीतून पॅन्ट निघाली. "आलोच आहे तर ही कमरेत सैल करून ठेव. बसून बसून पोट सुटलंय."

"बसूनच सुटलंय, ते दिसतंय की," आतून मास्तरांची बायको म्हणाली. मास्तर मोठ्याने खोकले.

तुकडा त्यांनी माझ्या खणात ठेवला.

त्याच आठवड्यात काकू आल्या. "काय मेल्यांनी काच फोडली हो! हात झडोत त्यांचे. आणि हे बघा, आमच्या धांदरटाने जॅकेट कुठे अडकवलं कोण जाणे. असा रफू करा, की दिसता कामा नये."

मास्तरांनी जॅकेट माझ्या फळीवर पसरलं. बाही बघितली. खण उघडला, तुकडा काढून भोकावर ठेवला. धाग्याला धागा जुळला. काकूंनी काचेकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, आणि जॅकेट तिथेच टाकून त्या निघून गेल्या.

"टाका घाला आणि गप्प बसा," बायको म्हणाली. "आपल्याला पोर आहे हो."

"म्हणूनच," असं म्हणून मास्तर जॅकेट आणि तुकडा एका पिशवीत घालून पोलिसांकडे गेले. परतले ते रिकाम्या हातांनी.

"साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाचं जॅकेट न विचारता आणलंस, ही चोरी झाली. तुझ्यावरच केस करू का?"

"आणि जॅकेट?"

"मालकाच्या घरी पोचवलं."

"तुकडा?"

"तोही. त्याच पिशवीत घालून."

मित्रांनो, माझं डोकं लोखंडाचं आहे, पण एवढं मलाही कळतं. काच फोडणारा साहेबांना सापडत नव्हता. जॅकेट परत करायला मात्र त्याचं घर बरोबर सापडलं.

आज काकू पुन्हा आल्या. डोळे सुजलेले, हातात तीच पिशवी. "जाळायला निघाला होता. हिसकावून आणलं." पिशवी माझ्या फळीवर ठेवून म्हणाल्या, "त्या साहेबाच्या वर कोण बसतं, मास्तर?"

"मोठ्या कचेरीत दुसरे साहेब आहेत. पण काकू, तो तुमचा मुलगा आहे."

"माझाच आहे. म्हणून तर येते."

दोघं गेले, ते अजून परतले नाहीत. बाहेर दिवे लागलेत. मास्तरांची बायको मुलीला कुशीत घेऊन माझ्याजवळ बसलीय. एक हात माझ्या चाकावर, दुसऱ्या हातात मोठी कात्री. साहेबांची पॅन्ट उसवलेलीच पडलीय. पडू दे. आत्ता पुठ्ठ्यापलीकडे पावलं वाजली आणि थांबली. मास्तरांची चाल मी ओळखते. ही त्यांची नाही.

जुन्या वस्तू तुम्हांला सांगतात, धूळ पुसा, तेल घाला. मला तेल नको. तुमची खिडकी अशा गल्लीवर उघडत असेल, तर ती उघडा. दिवा लावा. मोठ्याने विचारा, "कोण आहे रे तिकडे?" तेवढंही पुरेल. आज तरी झोपेचं सोंग घेऊ नका.